चान्स घ्यायच्या आधी हेल्थ इन्शुरन्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नाला सहा महिने झालेले, "दोनेक वर्षांनी बघू" म्हणणारे आणि कालच किटवर दोन रेघा दिसलेले, या तिघांचेही प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढलंय. मी एजंट नाही, कुठलीच पॉलिसी विकत नाही, फक्त नात्यात नाहीतर ऑफिसात कुणाचं काही अडलं की पॉलिसीची पीडीएफ माझ्याकडे येते आणि ती शेवटच्या पानापर्यंत वाचायची मला सवय लागलीय. प्लॅनची नावं मुद्दाम देत नाहीये, तोच प्लॅन दोन वर्षांनी नवीन नावाने येतो, आतल्या अटी मात्र बऱ्यापैकी त्याच राहतात.

मॅटर्निटी कव्हरवाली पॉलिसी कधी घ्यायची? प्लॅनिंग सुरू केल्यावर घेतली तर चालेल का?

तेव्हा उशीर झालेला असतो. स्वतः विकत घेतलेल्या पॉलिसीत मॅटर्निटीला वेटिंग पिरियड, म्हणजे क्लेम करता येण्याआधी थांबायचा काळ, असतो, काही प्लॅनमध्ये ९ महिने, बहुतेकांत २ ते ३ वर्षं, काही ठिकाणी ४ सुद्धा. आणि हे वेटिंग दिवस जाण्याच्या तारखेला नाही तर डिलिव्हरीसाठी अ‍ॅडमिट होण्याच्या तारखेला पूर्ण झालेलं लागतं (तरी काही प्लॅनमध्ये याची भाषा वेगळी असते, ती एकदा वाचाच).

आता उलटं मोजा. पॉलिसी १ जानेवारी २०२६ ला सुरू झाली, वेटिंग २४ महिन्यांचं, म्हणजे १ जानेवारी २०२८ पासून डिलिव्हरीचा क्लेम बसेल. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या तारखेपासून ४० आठवडे मोजतात, तर शेवटची पाळी २७ मार्च २०२७ च्या नंतरची हवी. पण बाळं काही आपल्या पॉलिसीची तारीख बघून येत नाहीत, ३७ आठवडे झाले की डिलिव्हरी कधीही होऊ शकते आणि थोडी आधीही होऊ शकते, म्हणून मी तरी १५ मेच्या पुढे थांबायला सांगेन, मग १ जानेवारीला जास्तीत जास्त ३३ आठवडे झालेले असतील. एक दिवस आधी अ‍ॅडमिट झालात तरी कंपनी हात वर करते, तिथे "एकच दिवस होता हो" हे कुणी ऐकत नाही.

तीन वर्षांचा प्रीमियम एकदम भरला म्हणून वेटिंग कमी होत नाही. आणि रिन्यूअल चुकलं, ग्रेस पिरियडही उलटून गेला, तर घड्याळ परत शून्यावर.

लग्न आत्ताच झालंय, नवऱ्याच्या जुन्या पॉलिसीत माझं नाव घातलं तर त्याची वर्षं मला मिळतील का?

नाही. तुमचं वेटिंग तुमचं नाव पॉलिसीत आलं त्या तारखेपासून. नवऱ्याची पॉलिसी पाच वर्षं जुनी असली तरी तुमच्यासाठी ती नवीनच. म्हणून लग्नाच्या गडबडीत हे काम "रिन्यूअलला बघू" म्हणून पुढे ढकलू नका, कंपनीला मेल टाकून मध्येच नाव घालता येतं का विचारा, बऱ्याच ठिकाणी लग्नानंतर ठरावीक दिवसांत घालता येतं. आणि काही फॅमिली फ्लोटरमध्ये (घरातल्या सगळ्यांची मिळून एक पॉलिसी) मॅटर्निटीसाठी नवरा-बायको दोघंही एकाच पॉलिसीत असणं कंपल्सरी असतं, ज्यांनी पैसे वाचवायला दोघांच्या वेगवेगळ्या पॉलिसी ठेवल्यात त्यांनी हे आधी तपासा.

दिवस गेलेत. आता पॉलिसी मिळेल का?

या बाळंतपणासाठी जवळपास नाहीच असं धरून चाला. बऱ्याच कंपन्या तर गरोदर बाईचा प्रपोजलच पुढे ढकलतात, डिलिव्हरीनंतर या म्हणतात. काही घेतात, पण या प्रेग्नन्सीचा खर्च सोडून.

मग काय उरतं? तुमच्या किंवा नवऱ्याच्या ऑफिसची ग्रुप पॉलिसी (पुढे वाचा), पगार कमी असेल तर ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा), आणि सरकारी दवाखाना. हे तिन्ही नसेल तर आजपासून महिन्याला पैसे बाजूला काढायला लागा.

एक गोष्ट मात्र करू नका. "फॉर्मवर लिहू नका, कळतंय कुणाला" असं सांगणारा एजंट भेटतोच. डिस्चार्ज समरीच्या पहिल्या परिच्छेदात शेवटच्या पाळीची तारीख लिहिलेली असते, कितवी खेप, आधीची मुलं किती हेही असतं, क्लेम बघणाऱ्या माणसाला मोजायला दोन मिनिटं लागतात. क्लेम तर जातोच, लपवलं म्हणून पॉलिसीही रद्द होऊ शकते आणि पुढची पॉलिसी घेताना "आधी कुठे नाकारलंय का" या प्रश्नाला हो म्हणावं लागतं.

माझ्या पॉलिसीत मॅटर्निटी नाहीच. मग नऊ महिने काहीच मिळणार नाही का?

असं नाही. मॅटर्निटी वगळणारी जी ठरलेली अट सगळ्या कंपन्यांच्या पॉलिसीत असते, तिच्यात बाळंतपण, सिझर, गर्भपात वगळलेले आहेत पण एक्टोपिक प्रेग्नन्सी, म्हणजे गर्भ नळीत राहणं, ती वगळण्यातून बाहेर ठेवलीय. नळी फुटली तर ते इमर्जन्सी ऑपरेशन असतं आणि साध्या पॉलिसीतूनही त्याचा क्लेम बसतो, हे माहीत नसल्यामुळे लोक क्लेम टाकतच नाहीत! तसंच अ‍ॅक्सिडेंटमुळे झालेला गर्भपात.

गरोदरपणात डेंगी झाला, अपेंडिक्सचं ऑपरेशन लागलं, तर तो नेहमीसारखाच आजार, प्रेग्नंट आहे म्हणून तो नाकारता येत नाही. पण प्रेग्नन्सीमुळे वाढलेलं बीपी, शुगर, उलट्यांमुळे सलाइन लावायला अ‍ॅडमिट करणं, हे कंपन्या सहसा मॅटर्निटीतच धरतात.

ऑफिसची ग्रुप पॉलिसी आहे, त्यात मॅटर्निटी पहिल्या दिवसापासून आहे. वेगळी कशाला घ्यायची?

ग्रुप पॉलिसी बाळंतपणासाठी खरंच चांगली. वेटिंग बहुतेक ठिकाणी माफ केलेलं असतं, मेडिकल टेस्ट नाही, जुने आजारही कव्हर. डिलिव्हरीचा क्लेम ऑफिसच्याच पॉलिसीतून करा यात दुमत नाही.

पण ती तुमची नसते, ती कंपनीची असते. नोकरीचा शेवटचा दिवस हा कव्हरचाही शेवटचा दिवस. सातव्या महिन्यात ले-ऑफची मेल आली तर? किंवा कंपनीने रिन्यूअलला खर्च वाचवायचा म्हणून मॅटर्निटीचं लिमिट खाली आणलं तर, त्यासाठी तुम्हाला कुणी विचारत नाही, एचआरची एक मेल येते आणि ती आपण वाचत नाही. म्हणून ऑफिसची असतानाच स्वतःची एक साधी पॉलिसी सुरू करून ठेवा, त्यातली बाकीच्या आजारांची वेटिंग मागे चालू राहतात.

नोकरी बदलणाऱ्यांनी ऑफर लेटर सही करायच्या आधी एचआरला हे विचारा: मॅटर्निटीचं नॉर्मल आणि सिझरचं लिमिट किती, वेटिंग आहे का, बाळ पहिल्या दिवसापासून कव्हर आहे का आणि बाळाचा खर्च मॅटर्निटीच्या लिमिटमध्ये मोजतात की पूर्ण सम इन्शुअर्डमधून (पॉलिसीची एकूण रक्कम). विचारायला लाज वाटते, नवीन ठिकाणी लगेच सुट्टीवर जाणार असं वाटेल म्हणून, तर नवऱ्याने विचारावं, त्याच्या ऑफिसात त्याने आणि तिने तिच्या ओळखीतल्या कुणाकडून पॉलिसीचं माहितीपत्रक मागवून घ्यावं.

आणि दोघांच्या ऑफिसात मॅटर्निटी असेल तर दोन्ही वापरता येतात. एकीकडे लिमिट संपलं की उरलेली रक्कम दुसरीकडे मागायची, पहिल्या कंपनीचं सेटलमेंट लेटर आणि बिलांच्या शिक्का मारलेल्या झेरॉक्स लागतात, म्हणून मूळ बिलं जमा करायच्या आधी सगळी स्कॅन करून ठेवा.

मॅटर्निटीसाठी जास्तीचा प्रीमियम भरणं परवडतं का?

वही घ्या आणि मांडा. समजा मॅटर्निटीवाला प्लॅन साध्यापेक्षा वर्षाला ९ हजारांनी महाग आहे, वेटिंग ३ वर्षं, लिमिट ५० हजार. डिलिव्हरी होईपर्यंत निदान चार हप्ते गेले म्हणजे ३६ हजार जास्तीचे. मिळणार जास्तीत जास्त ५०, तेही सगळं वेळापत्रकाप्रमाणे झालं तर. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात सिझरचं बिल लाखाच्या पुढे गेलं तरी ५० च. नुसत्या डिलिव्हरीच्या बिलासाठी हा सौदा मला तरी फारसा पटत नाही, बाळंतपणाचा खर्च साधारण माहीत असतो, नऊ महिने आधी कळतो, आरडी काढून जमवता येतो.

मग हा प्लॅन घ्यायचाच नाही का? घ्यायचा, पण वेगळ्या कारणासाठी, ते खालच्या प्रश्नात.

बाळाचं कव्हर कधीपासून सुरू होतं?

या पानावरचा हाच एक प्रश्न वाचलात तरी चालेल.

डिलिव्हरीचं बिल ठरलेलं असतं, नाजूक बाळाला ठेवतात त्या काचेच्या पेटीचं नसतं. बाळ ३१-३२ आठवड्यांचं आलं, वजन कमी, श्वासाला मशीन लागली, आणि "बाळाला काचेत ठेवलंय" असा फोन घरी गेला की मग रोजचे हजारो रुपये, कुणाचं आठवड्यात सुटतं, कुणाचं महिना-दीड महिना. घरं कर्जात जातात ती नॉर्मल की सिझर यामुळे नाही, एनआयसीयूमुळे, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूमुळे.

आणि इथेच बहुतेक पॉलिसींमध्ये भोक असतं. साध्या फॅमिली फ्लोटरमध्ये मूल ९१ व्या दिवसापासून घेतात. पहिले ९० दिवस, म्हणजे ज्यात हे सगळं होतं, ते बाहेर. पहिल्या दिवसापासून बाळ घेणारे प्लॅन आहेत, पण त्यातले बरेच "मॅटर्निटीचा क्लेम मान्य झाला असेल तरच" अशी अट घालतात, म्हणजे मॅटर्निटीचं वेटिंग पूर्ण झालं नसेल तर बाळही गेलं. काहींमध्ये बाळाचा खर्च मॅटर्निटीच्या त्याच ५० हजारांत बसवायचा, आता सिझरलाच ते संपले तर पेटीला काय उरणार?

म्हणून प्लॅन बघताना चकचकीत ब्रोशर बाजूला ठेवा, पॉलिसी वर्डिंगची पीडीएफ उघडा, "नवजात" किंवा "न्यू बॉर्न" शोधा आणि तीन गोष्टी बघा. पहिल्या दिवसापासून आहे का. किती रकमेपर्यंत, पूर्ण सम इन्शुअर्ड की मॅटर्निटीचं लिमिट. आणि मॅटर्निटीचा क्लेम बसला नाही तरी चालतं का. पूर्ण सम इन्शुअर्डपर्यंत बाळ कव्हर असेल तर त्या प्लॅनचे जास्तीचे ९ हजार मी डोळे झाकून भरेन, डिलिव्हरीचे पैसे नाही मिळाले तरी.

जन्मजात दोषांचंही तिथेच बघून घ्या. हृदयात छिद्र असेल तर तो आतला दोष, तो बहुतेक ठिकाणी चालतो. ओठ दुभंगलेला असेल तर तो बाहेरून दिसणारा, आणि बाहेरचे दोष बऱ्याच पॉलिसींमध्ये वगळलेले असतात.

बाळाचं नाव पॉलिसीत कसं घालायचं? बारसं तर बाराव्या दिवशी.

नावाची वाट बघू नका. हॉस्पिटलच्या कागदांवर "बेबी ऑफ" आणि पुढे आईचं नाव असतं, तेवढ्यावर एंडोर्समेंट (पॉलिसीत नाव वाढवणं) होते. ऑफिसच्या पोर्टलवर ही खिडकी बहुतेक ३० दिवसांची असते, नंतर थेट पुढच्या रिन्यूअलला. घरात पाहुणे, बाळंतविडा, रात्रीची जागरणं यात ते ३० दिवस कसे जातात कळत नाही, म्हणून हे काम बाबाने करायचं, डिस्चार्ज व्हायच्या आधी, हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये बसून मोबाइलवर होतं. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला लागते, दाखल्यावर नाव नंतर टाकता येतं, त्याला घाई नाही.

राहतो पुण्यात पण डिलिव्हरी माहेरी होणार. काय बघायचं?

पहिलं बाळंतपण माहेरी ही आपली रीत आणि कॅशलेसच्या, म्हणजे कंपनी थेट बिल भरते त्या नेटवर्क हॉस्पिटलांच्या, याद्या मात्र शहराप्रमाणे, यात दरवर्षी कितीतरी जणी अडकतात. डोहाळजेवण झालं की बाई सांगलीला नाहीतर लातूरला, आणि आईने ठरवलेलं मॅटर्निटी होम नेटवर्कमध्ये नाही हे कळायला नववा महिना उजाडतो.

तर पॉलिसी घेतानाच माहेरचा पिनकोड टाकून नेटवर्क हॉस्पिटलं बघा. नसेल तर हॉस्पिटलला विचारा, जानेवारी २०२४ पासून "कॅशलेस एव्हरीव्हेअर" म्हणून सोय आहे, नेटवर्कबाहेरच्या हॉस्पिटलातही कॅशलेस मागता येतं, त्यासाठी ठरवून अ‍ॅडमिट होताना ४८ तास आधी आणि इमर्जन्सीत अ‍ॅडमिट झाल्यापासून ४८ तासांच्या आत कंपनीला कळवायचं. पण हॉस्पिटल तयार पाहिजे आणि दहा खाटांचं हॉस्पिटल चालवणाऱ्या डॉक्टरबाई या कागदांच्या भानगडीत पडत नाहीत सहसा. मग पैसे भरून रिइम्बर्समेंट, त्यासाठी रोकड तयार ठेवा.

अशा छोट्या ठिकाणी आधीच एक प्रश्न विचारून ठेवा: हॉस्पिटलचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट आहे ना आणि नंबर बिलावर छापून येतो ना. नगरपालिका किंवा जिल्ह्याकडे नर्सिंग होम कायद्याखाली नोंद असते. नोंद नसेल तर कंपनी मग खाटा मोजते, १० लाखांपेक्षा कमी वस्तीच्या गावात किमान १०, मोठ्या शहरात १५. बिल साध्या लेटरहेडवर एका ओळीत "डिलिव्हरी चार्जेस ४५,०००" असं घेऊन येऊ नका, खोली, ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ, औषधं असं फोडून मागा, औषधांच्या बिलांना चिठ्ठी जोडा.

आणि तिथे एनआयसीयू आहे का? बहुतेक नसतंच. गरज पडली तर बाळ दुसऱ्या हॉस्पिटलात आणि आई इथेच, मग ती दोन वेगळी अ‍ॅडमिशन, दोन फाइली, दोन क्लेम. सगळ्यात जवळचं एनआयसीयू कुठलं आणि ते नेटवर्कमध्ये आहे का हे सातव्या महिन्यातच बघून फ्रिजवर चिकटवून ठेवा.

तुमची पॉलिसी झोनप्रमाणे असेल, म्हणजे छोट्या गावाच्या पत्त्यावर स्वस्तात घेतलेली, आणि उपचार मुंबईत झाले, तर काही प्लॅनमध्ये बिलाचा ठरावीक टक्का तुमच्या खिशातून जातो. पुण्याहून सांगलीला जाणाऱ्यांना याचा त्रास नाही, उलट्या दिशेला असतो.

रूमचं भाडं एवढं महत्त्वाचं का म्हणतात?

कारण ते फक्त रूमचं राहत नाही. समजा लिमिट दिवसाला ५ हजार आणि तुम्ही घेतली ८ हजारांची रूम, वरचे ३ हजार आपण भरू म्हणून. बिल येतं तेव्हा डॉक्टरची फी, थिएटरचे चार्जेस हे सगळंच ५/८ ने कापतात, औषधं आणि तपासण्या तेवढ्या सोडून. ८० हजारांचे ५० होतात. आजी-मावशी सगळ्या येणार म्हणून डिलक्स रूम घ्यायची हौस असते, पण आधी लिमिट बघा.

शिवाय डायपर, सॅनिटरी पॅड, बेबी फूड, हे सगळं न मिळणाऱ्या यादीतलं आहे, ते घरून आणलेलं बरं. सिझरबरोबरच कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन केलं तर त्याचा भाग कापला जातो.

सोनोग्राफी, ब्लड टेस्ट, इंजेक्शनं, याचे पैसे मिळतात का?

बहुतेक नाही. अ‍ॅडमिट न होता केलेला खर्च तो ओपीडी. काही प्लॅनमध्ये डिलिव्हरीआधीच्या तपासण्यांसाठी वेगळी छोटी रक्कम असते, काहींत ती मॅटर्निटीच्या लिमिटमध्येच. बिलं मात्र पहिल्या दिवसापासून एका फाइलीत लावत चला, मागाहून लॅबमध्ये जाऊन डुप्लिकेट मागण्यात अख्खा शनिवार जातो.

पैशाची ओढ असेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानाखाली. खाजगीत नाव घातलेलं असलं तरी जाता येतं.

पीसीओडी आहे, थायरॉइडची गोळी चालू आहे. सांगितलं तर प्रीमियम वाढेल ना?

वाढू शकतो, किंवा त्या आजारापुरतं वेटिंग लागतं, जे आता जास्तीत जास्त ३ वर्षांचं असतं, १ एप्रिल २०२४ च्या आधी ४ वर्षं चालायचं. तरीही सांगा. प्रत्येक गायनॅकच्या कागदावर "के/सी/ओ हायपोथायरॉइड" (आधीपासून थायरॉइड आहे) असं पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं, ते लपत नाही. सलग ६० महिने पॉलिसी चालली की मग कंपनीला जुनी माहिती दडवली म्हणून क्लेम अडवता येत नाही, फसवणूक सिद्ध केली तरच, पण बाळ काही ६० महिने थांबणार नाही.

आधीच्या खेपेला गर्भपात झाला असेल, सिझर झालं असेल, तेही विचारलं तर लिहा.

आयव्हीएफ?

साध्या पॉलिसीत आयव्हीएफ, आयसीएसआय, सरोगसी हे सगळं नावानिशी वगळलेलं असतं. काही महागड्या प्लॅनमध्ये आणि काही मोठ्या कंपन्यांच्या ग्रुप पॉलिसीत ठरावीक रकमेपर्यंत असतं. पण आयव्हीएफने राहिलेल्या प्रेग्नन्सीची डिलिव्हरी ही इतर डिलिव्हरीसारखीच, मॅटर्निटी कव्हर असेल तर ती बसली पाहिजे, तरी कंपनीकडून एकदा मेलवर लिहून घ्या. जुळ्यांची शक्यता असते म्हणून आणखी एक: मॅटर्निटीचं लिमिट डिलिव्हरीला असतं, बाळांना नाही. दोन बाळं म्हणून डबल होत नाही.

आत्ताची पॉलिसी मॅटर्निटीवाल्या प्लॅनमध्ये पोर्ट केली, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे हलवली, तर जुनी वर्षं धरतात का?

जुन्या पॉलिसीत जे कव्हर होतं त्याचीच वर्षं धरतात. तिच्यात मॅटर्निटी नव्हती तर मॅटर्निटीचं वेटिंग नव्याने. बाकीच्या आजारांचं वेटिंग मात्र वाचतं, तेही जुन्या सम इन्शुअर्डपुरतं. रिन्यूअलच्या दीड-दोन महिने आधी हालचाल करा, शेवटच्या आठवड्यात नवी कंपनी नाही म्हणाली तर दोन्हीकडून जाल. नवीन पॉलिसी हातात पडली की ३० दिवस फ्री लुक असतो, त्यात वर्डिंग वाचा, पटलं नाही तर परत करा.

इन्शुरन्स परवडतच नाही. सरकारी काय आहे?

बरंच आहे आणि मध्यमवर्गीय लोक ते विनाकारण नाकारतात. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात नॉर्मल असो की सिझर, डिलिव्हरी मोफत, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, घरून न्यायची-आणायची गाडी, सगळं. आजारी बाळावरचे उपचारही वर्षभर मोफत. जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांसाठी एसएनसीयू असतं, खाजगीत रोजचे हजारो मोजायची ऐपत नसेल तर तिथे जाण्यात कमीपणा काही नाही.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र कुटुंबाला पहिल्या बाळाला ५ हजार रुपये हप्त्यांनी, दुसरी मुलगी झाली तर ६ हजार. अंगणवाडी ताई किंवा आशाताईकडे नोंद करा, लवकर करा. महात्मा फुले योजनेचं कव्हर आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं आहे, नवजात बाळाच्या काही उपचारांची पॅकेजेस त्यात आहेत, योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला कागद दाखवून विचारा.

पगार २१ हजारांपर्यंत असेल आणि ईएसआय कापला जात असेल तर तिथे डिलिव्हरीचा खर्चही आणि नोकरी करणारीला २६ आठवड्यांचा पगारही मिळतो, फक्त आधीच्या दोन हप्ता-कालावधींत मिळून ७० दिवसांचं योगदान भरलेलं लागतं.

आम्ही अमेरिकेत आहोत, तिथेही असंच वेटिंग असतं का?

नाही. तिथे गरोदर आहे म्हणून प्लॅन नाकारता येत नाही आणि मार्केटप्लेसच्या (स्वतः प्लॅन घ्यायचं सरकारी पोर्टल) प्लॅनमध्ये मॅटर्निटी असावीच लागते. पण नुसतं प्रेग्नंट असणं बहुतेक राज्यांत मध्येच प्लॅन घ्यायचं कारण धरत नाहीत, बाळाचा जन्म धरतात, मग मार्केटप्लेसला ६० दिवस आणि ऑफिसच्या प्लॅनला निदान ३० दिवस मिळतात. तिथलं गणित डिडक्टिबलचं, म्हणजे दरवर्षी आधी आपल्या खिशातून भरायच्या रकमेचं: डिसेंबर-जानेवारीत डिलिव्हरी असेल तर दोन वर्षांची डिडक्टिबल भरावी लागू शकते. बाळंतपणाला आईला बोलावणार असाल तर तिचा व्हिजिटर इन्शुरन्स विसरू नका.

टॅक्स आणि जीएसटी?

स्वतःच्या आणि फॅमिली पॉलिसीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी शून्य, आधी १८ टक्के होता. कलम ८०डी खाली स्वतः, जोडीदार आणि मुलांच्या प्रीमियमवर २५ हजारांपर्यंत वजावट, पण जुन्या टॅक्स पद्धतीतच. टॅक्स वाचतो म्हणून प्लॅन निवडू नका एवढंच.

सासूबाई म्हणतात, अजून पाळणा हलला नाही आणि दवाखान्याचे पैसे कसले भरताय, अपशकुन असतो. काय सांगू?

सांगायचंच कशाला? पॉलिसी पोस्टाने नाही, मेलवर येते.

क्लेम नाकारला किंवा अर्धाच दिला तर?

आधी कारण लेखी मागा, पॉलिसीच्या कुठल्या अटीखाली नाकारलं ते नंबरसकट. तोंडी टीपीएशी (कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था) वाद घालण्यात अर्थ नाही. कॅशलेसच्या बाबतीत विमा नियामकाच्या (आयआरडीएआय) मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कंपनीने पहिल्या मंजुरीचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जची शेवटची मंजुरी ३ तासांत द्यायची आहे, ओली बाळंतीण कपडे करून बसलीय आणि बाळ रडतंय तेव्हा हे वाक्य काउंटरवर उपयोगी पडतं.

नाकारल्याचं पत्र आलं की कंपनीच्या तक्रार विभागाला मेल करा, महिनाभरात समाधान झालं नाही तर बिमा भरोसा (विमा नियामकाचं तक्रार पोर्टल) आणि विमा लोकपाल. लोकपालाची ऑफिसं मुंबई, ठाणे आणि पुण्याला आहेत. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे घेतात, कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून वर्षाच्या आत जायचं. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत कुणाला वेळ नसतो, तरी ते नाकारल्याचं पत्र आणि पाकीट जपून ठेवा, वर्ष त्या तारखेपासून मोजतात.